तीन कोरे रकाने

“तुमचं नाव कोठंच नाई, बाबा!” ललितानं छापील पानं दुसऱ्यांदा चाळली. “आभारात बी नाई.”

“नाव राहू दे. मले तीन तारखा पाय. सप्टेंबरच्या अकरा, बारा, तेरा.”

अमरावतीला मुलींच्या वसतिगृहाच्या ओट्यावर देवमन बसला होता. कपाशीच्या प्रयोगावरचा हा बारा पानांचा इंग्रजी लेख घेऊन तो अकोल्याहून पहिल्या मोटारीनं आला होता. अकोल्याजवळच्या एका सरकारी फार्मवर तो कपाशीची फुलं मोजत असे. रोज सकाळी, ओळीनं, झाडागणिक. कपाशीचं फूल आज पिवळं, उद्या लाल. चुकलेला दिवस मागाहून मोजता येत नाही. साहेब सावलीत बसून लिहीत, आणि लेखावर नाव सावलीचंच येतं, याचं देवमनला कधी नवल वाटलं नाही.

पाच वर्षांमागं त्या तीन दिवसांत त्याची बायको मैना वारली. चौथ्या दिवशी तो कामावर आला, तेव्हा साहेब म्हणाले होते, “तीन रकान्यांसाठी सगळा प्रयोग वाया घालवू का? अंदाजानं भर.”

“मी नव्हतो, सायेब. कसं भरू?”

साहेबांनी वही ओढून घेतली. पुढं त्यांची बदली झाली. त्यांनी ते रकाने भरले की काय, हे देवमनला कोणी सांगितलं नाही. मैना गेली त्या सकाळी आपण फुलं मोजत होतो, असं कुठं छापून यावं, हे त्याला सोसवत नव्हतं. पाच वर्षं तेवढाच घोर होता.

ललिताचं बोट नवव्या पानावर थांबलं. आकड्यांच्या गर्दीत तीन आडव्या रेघा होत्या. खाली बारीक अक्षरांत एक ओळ.

“काय लिवलं?”

“या तीन दिवसांच्या नोंदी नाईत,” ती हळू म्हणाली. “त्या अंदाजानं भरल्या नाईत.”

तारखा तिच्याही ध्यानात आल्या होत्या. ती तेव्हा तेरा वर्षांची होती.

“पुन्हा वाच. मराठीत नको, जसं लिवलं तसंच.”

ललिता इंग्रजीतून वाचू लागली. देवमनला एक शब्दही कळत नव्हता. त्यानं डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली आणि ओळ संपेपर्यंत उभ्यानं ऐकावं तसा ताठ बसून राहिला.