आवाजाची रेघ

"त्यात काय, दोन मिनिटांचं काम," असं धाकटा दीर फोनवर म्हणून गेला आणि वहिनीने ते वाक्य जपून ठेवलं.

वहिनी वाचोपचारतज्ज्ञ. कुणाचा आवाज बसलेला, कुणाचा अडखळणारा, त्यांना पुन्हा नीट बोलतं करणं हे तिचं काम. दीर प्रोग्रामर. त्यानेच हौसेने तिला पायथनमध्ये एक छोटा प्रोग्राम लिहून दिला होता. पेशंट माइकसमोर बोलला की पडद्यावर रेघ उठायची. हळुवार बोललं तर रेघ हिरव्या पट्ट्यात राहायची, घसा ताणला की वर उसळून लाल व्हायची. पण जुना कॉम्प्युटर दमला, नवा मॅक आला, आणि प्रोग्राम काही सुरू होईना.

दीर दवाखान्यात आला तेव्हा बाकावर एक जोडपं बसलं होतं. नवरा लिलाव पुकारणारा, छातीने भरदार. घशाचं ऑपरेशन झालेलं, तीन आठवडे मौन पाळलेलं. आज त्याला पहिल्यांदा तोंड उघडायची परवानगी होती, तीही रेघेवर नजर ठेवूनच.

"सावकाश होऊ दे हो," त्याची बायको म्हणाली. "तीन आठवड्यांत घरातलं एक भांडण हरले नाहीये मी."

लिलाववाल्याने फक्त भुवया उडवल्या.

दिराने बाह्या सरसावल्या. प्रोग्रामला माइकचा आवाज आणून देते ती पायऑडिओ नावाची लायब्ररी, आणि नव्या मशीनवर ती अजून बसवलेली नव्हती. एवढंच तर होतं! त्याने इन्स्टॉल करायची आज्ञा टाइप केली. पडदा लाल अक्षरांनी भरून गेला. त्याने तीच आज्ञा पुन्हा दिली, या वेळी जरा जोरात बटणं दाबून.

"जोरात दाबलं की ऐकतो का तो?" वहिनीने विचारलं.

"वहिनी, तू चहा कर ना."

"केलाय. तुमच्या डाव्या हाताला गार होतोय, भावोजी."

लाल मजकुराच्या तळाशी खरी तक्रार होती: पोर्टऑडिओची फाइल सापडत नाही. म्हणजे पायऑडिओ ज्याच्या खांद्यावर उभी राहते, तो पोर्टऑडिओच मशीनवर नव्हता. दिराचा जीव भांड्यात पडला. त्याने पोर्टऑडिओ उतरवून घेतला, बोटं मोडली आणि पुन्हा आज्ञा दिली. पुन्हा तीच लाल अक्षरं, तीच तक्रार.

"आत्ता तर बसवला!" तो पडद्यावर खेकसला. "डोळे फुटले का तुझे?"

लिलाववाल्याचे खांदे हलू लागले. बिचाऱ्याला हसायचीही चोरी होती. बायकोने त्याच्या पाठीवरून हात फिरवला आणि स्वतःच दोघांच्या वाटचं हसून घेतलं.

मग मात्र दीर खुर्ची ओढून बसला आणि प्रत्येक ओळ वाचू लागला. त्याने इंटरनेटवरून उचललेला उपाय होता जुन्या मॅकचा. नव्या चिपच्या मशीनवर पोर्टऑडिओ वेगळ्याच फोल्डरमध्ये जाऊन बसतो, आणि तो फोल्डर कुठला हे पायऑडिओला कुणी सांगितलेलंच नव्हतं. माणूस घर बदलून गेलेला, आणि हे जुन्याच दाराची कडी वाजवत बसलेले.

त्याने नवा पत्ता स्पष्ट लिहून आज्ञा दिली. आता एकही लाल ओळ आली नाही. पायऑडिओ मुकाट्याने बसली.

"झालं!" दीर उठूनच उभा राहिला. प्रोग्राम सुरू करताना मधेच एक लहानशी चौकट उगवली, ती त्याने माशी हाकलावी तशी हाकलली. "या काका, बसा."

लिलाववाला माइकसमोर बसला. वहिनी त्याच्याशेजारी वाकून म्हणाली, "ओठ मिटून नुसतं गुणगुणायचं. बाळ झोपलंय समजा."

त्याने डोळे मिटले, श्वास घेतला. अगदी बारीक, थरथरता "म्‌ऽऽ" खोलीत उमटला. पण पडद्यावरची रेघ सपाट. जराही हलली नाही.

त्याने डोळे उघडून रेघ पाहिली आणि त्याचा चेहरा उतरला. हात आपोआप गळ्याकडे गेला. त्याला वाटलं, आवाज आपल्यालाच ऐकू आला. बाहेर पडलाच नाही.

"अहो, आला की!" बायको घाईने म्हणाली. "मी ऐकला ना."

इतका वेळ हा खेळ दिराचा आणि मशीनचा होता. आता त्यात एका माणसाचा गळा आला होता. "काका, तुमचं काही चुकलं नाही," तो घाईने म्हणाला. "चूक माझीच कुठेतरी आहे. थांबा."

"भावोजी," वहिनी शांतपणे म्हणाली, "ती मघाची चौकट काय म्हणत होती?"

"ती? ती अशीच काहीतरी..." आणि तो थबकला. माइक वापरू देऊ का, असं मशीन विचारत होतं. त्याने न वाचताच नकार दिला होता. मशीनही इतकं आज्ञाधारक की कुरकुर न करता नुसती शांतता ऐकवत बसलं.

कानाच्या पाळ्या लाल करून दीर सेटिंग्जमध्ये शिरला, माइकची परवानगी दिली, प्रोग्राम बंद करून पुन्हा सुरू केला.

"आता पुन्हा, काका."

"म्‌ऽऽ."

रेघ हलली. थोडी वाकडी, थोडी कापरी, पण उठली आणि हिरव्या पट्ट्यात तरंगत राहिली. लिलाववाला तिच्याकडे बघतच राहिला. दुसऱ्यांदा केलं, तिसऱ्यांदा केलं. मग वहिनीने मान डोलावल्यावर, पट्ट्यावरची नजर न काढता, त्याने पहिला शब्द उच्चारला. बायकोला घरात हाक मारायचा शब्द होता तो, "राणी."

बायकोने एकदम पदर तोंडाला लावला. "बघा," ती म्हणाली, "इतक्या हळू तर लग्न झाल्यापासून कधी बोलले नव्हते."

वहिनीने तिच्यापुढे पाण्याचा पेला सरकवला आणि दिराला म्हणाली, "चला भावोजी, चहा नव्याने टाकते. तुम्ही कमावलाय."

"एकच विनंती," तो म्हणाला. "दादाला यातलं काही सांगू नकोस."

"त्यांचा सकाळीच फोन येऊन गेला," वहिनी आत जाता जाता म्हणाली. "विचारत होते, दर वेळेसारखी लाल अक्षरं आली का म्हणून."