जेवणाच्या टेबलासमोरचं दार

ज्या कुणी आमचं घर आखलं त्याला स्वतःला पोट नसावं, असं माझं ठाम मत आहे. दोन खोल्या, एक स्वयंपाकघर, आणि जेवणाच्या टेबलावरून हात लांब केला तर टेकेल इतक्या अंतरावर संडासाचं दार. दार म्हणजे पातळ फळी. खाली बोटभर फट. आत कुणी नुसतं खाकरलं तरी बाहेर चहा पिणाऱ्याला ऐकू यायचं. आम्हा तिघांना, म्हणजे मला, नवऱ्याला आणि आमच्या ठकीला, त्याची सवय झाली होती. घरातल्या माणसांना एकमेकांची कसलीही सवय होते.

मग सासूबाई गेल्या आणि बाबा, माझे सासरे, आमच्याकडे राहायला आले.

पंपांच्या कारखान्यात लेथसमोर जन्म काढलेला माणूस. बोलणं मोजकं. स्वतःचे कपडे स्वतः धुणार, ताट स्वतः उचलणार, शर्टाचं वरचं बटण घरातसुद्धा लावलेलं. त्यांच्या जुन्या घरी संडास अंगणाच्या पलीकडे होता. पहाटे सगळ्यांच्या आधी जाऊन यायचे. त्यांच्या पोटाचा विषय त्या घरात कधी कुणाच्या कानावर आला नव्हता, सासूबाईंच्याही नसावा.

आमच्याकडे आल्यावर पहिल्याच आठवड्यात ते झालं. आम्ही तिघं नाश्त्याला बसलो होतो, बाबा आत होते. आतून आवाज आला. प्रत्येक माणसाच्या पोटातून येतो तोच, पण जरा मोठा. ठकी फिस्सकन हसली. पोरच ती. पण तिच्या बापाने तिला ‘शूऽऽ!’ केलं, आणि इतक्या जोरात केलं की आतल्या माणसाला हसू ऐकू गेलं नसेल तर ‘शू’ नक्कीच गेलं.

आत एकदम शांत झालं. बऱ्याच वेळाने नळ सुटला, दार उघडलं आणि बाबा कुणाकडेही न बघता बाहेरच्या खोलीत गेले.

माझा नवरा लोकांना गाडी शिकवतो. परक्याने दिवसभर चुकीचे गिअर टाकले तरी हा शांत असतो, पण घरी त्याच्या तोंडाला ब्रेक नाही. “बाबा, एवढं काय लाजायचं? घरचंच आहे सगळं!” त्याने इथूनच ओरडून सांगितलं. मी टेबलाखालून त्याच्या पायावर पाय दिला. पण आगीत तेल पडायचं ते पडलंच.

त्यानंतर बाबा घर रिकामं व्हायची वाट बघायला लागले. आणि आमचं घर कधी रिकामं नसायचंच. ठकीची शाळा दुपारची, नवऱ्याचे शिकाऊ सकाळ-संध्याकाळचे, त्यामुळे दुपारी तो घरी झोपलेला. मी दातांच्या दवाखान्यात फोन घेते; माझ्या पाळ्या बदलत्या. कुणी ना कुणी त्या टेबलाशी असायचंच. बाबा आत जायचे, नळ सोडायचे, आणि तसेच बाहेर यायचे. शरीरालाही मान असतो. त्याने हाका मारायच्या आणि आपण ओ द्यायची नाही, असं फार दिवस केलं की ते हाका मारायचंच सोडतं.

पुढचं सगळं मला नंतर कळलं, थोडं औषधवाल्यांकडून, थोडं मोठ्या दवाखान्यात. तेव्हा आम्ही आपले ठार आंधळे.

बाबा आधी कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानात गेले. ताकाला जाऊन भांडं लपवणारा माणूस, आधी डोकेदुखीचा बाम घेतला, मग चिकटपट्टी घेतली, आणि दुकानातलं गिऱ्हाईक गेल्यावर हळूच म्हणाले, “पोट साफ होत नाही.” औषधवाला भला होता. त्याने इसबगोलचं पाकीट दिलं, थोड्या गोळ्या दिल्या आणि बजावलं, “आजोबा, हा भुसा मोठा ग्लासभर पाण्यातून घ्यायचा, वर आणखी पाणी प्यायचं. गोळी रात्री एकच, तीही दोन-चार दिवस. फरक पडला नाही, पोटात दुखलं, उलटी झाली, तर गोळी बंद आणि डॉक्टर. दुसरं काही औषध चालू आहे का?”

“नाही,” बाबा म्हणाले.

रक्तदाबाची, लघवी वाढवणारी गोळी ते कित्येक वर्षं घेत होते. पण ती त्यांच्या लेखी औषध राहिलीच नव्हती. दात घासावेत तशी ती घ्यायची.

गोळीने काम केलं. मग बाबांना वाटलं, मार्ग सापडला. पुन्हा गेले, पुन्हा गेले. तेव्हा औषधवाल्याने हात आखडता घेतला. “आता पुरे, आजोबा. रोज घ्यायची गोष्ट नाही ही. डॉक्टरांना दाखवा.” डॉक्टरांना दाखवायचं म्हणजे घरी सांगायचं. घरी सांगायचं म्हणजे मुलगा बरोबर येणार, आणि भरल्या बाकावर बसून मोठ्याने विचारणार, “काय बाबा, आज झाली का?” त्यापेक्षा बाबांनी दुकान बदललं.

दुसऱ्या दुकानात त्यांना दुसऱ्या नावाच्या गोळ्या मिळाल्या. त्या दुकानदारानेही भुवया उंचावल्यावर त्यांनी तिसरं दुकान धरलं, बसचे दोन थांबे पलीकडचं. मग आळीपाळीने तिन्हीकडे जायचे. त्यामुळे प्रत्येक दुकानाच्या लेखी हे गृहस्थ अधूनमधून येणारे, आणि त्यांचा त्रासही अधूनमधूनचाच. तिघांनीही सांगितलं ते बरोबरच सांगितलं होतं.

आणि आम्ही खूश! बाबा रोज संध्याकाळी फिरायला लागले म्हणून मी शेजारणीला कौतुकाने सांगत होते. पाणी मात्र त्यांनी सोडलंच होतं. पाणी प्यायलं की पुन्हा त्या दारामागे जावं लागणार. तो भुसा ते दोन घोटांबरोबर कोरडाच गिळायचे. पोट आणखी घट्ट व्हायचं, मग गोळ्या वाढवायचे. एकाच्या दोन झाल्या, पुढे किती झाल्या ते त्यांनाही सांगता आलं नाही.

एकदा कोपऱ्यावरच्या औषधवाल्याने मला हटकलं. “तुमचे सासरे बरे आहेत ना? बऱ्याच दिवसांत आले नाहीत.”

“एकदम ठणठणीत,” मी म्हटलं. “रोज लांबवर फिरून येतात.”

“मग छान,” तो म्हणाला, आणि खरंच त्याच्या चेहऱ्यावर सुटल्यासारखं दिसलं.

बाबा वाळत चालले होते. म्हातारपण, आम्ही म्हटलं. पायात गोळे येतात म्हणाले, तर चालण्याने येत असतील म्हणून मी त्यांना मऊ तळव्याचे बूट आणून दिले. ते बूट बघून त्यांचे डोळे भरून आले. मला वाटलं, सुनेने आणले म्हणून.

दवाखान्यात मी एका बाईला दाढेची वेळ देत होते तेव्हा दुसऱ्या फोनवर कुणीतरी म्हणालं, “तुमच्या घरचे आजोबा आमच्या दुकानासमोर पडलेत. खिशात तुमचा नंबर सापडला.” कुठलं दुकान, मी विचारलं. ते नाव मी कधी ऐकलं नव्हतं.

मोठ्या दवाखान्यात त्यांच्या छातीला तारा लावल्या होत्या. ओठ कोरडे, डोळे खोल गेलेले. तिथली डॉक्टर माझ्याहून लहान होती. “ते घेतात ती सगळी औषधं घेऊन या,” ती म्हणाली. “सगळी म्हणजे सगळी.”

मी घरी आले. दिवाणाखालची बॅग उघडली. दाढीच्या डब्यात गोळ्या. मोज्यांच्या घडीत गोळ्या. चांगल्या कोटाच्या आतल्या खिशात निम्मं संपलेलं सिरप. एकेक वस्तू कशी नीट लपवली होती! जमिनीवर बसून मी रडले. दुःखाने कमी, रागाने जास्त. माझ्या घरात एक माणूस चोरासारखा राहत होता, आणि चोरी कसली, तर पोट साफ करायची.

डॉक्टरने सगळं टेबलावर मांडलं. “यातलं एकही औषध वाईट नाही,” ती म्हणाली. “कधीतरी अडलं तर जपून घ्यावं यासाठीच आहेत ती. पण हा भुसा पाण्याशिवाय घेतला की आत गोळा होऊन बसतो. या गोळ्या आतड्याला ढकलतात. रोज ढकलत राहिलं की जुलाबावाटे पाणी जातं, क्षार जातात. रक्तदाबाची गोळी तेच लघवीवाटे काढते. दोन्हीकडून गळती. क्षार फार उतरले की हृदयाचे ठोके चुकायला लागतात. तेच झालंय.” रोगापेक्षा इलाज भयंकर म्हणतात ते मी पहिल्यांदा डोळ्यांनी पाहिलं.

मग ती बाबांच्या खाटेभोवतीचा पडदा ओढून आत गेली. पडदा झाला तरी कापडच. बाहेर मला आणि नवऱ्याला सगळं ऐकू येत होतं.

“आजोबा, पोटाचा हा त्रास कधीपासून?”

बाबा म्हणाले, “मुलाकडे राहायला आल्यापासून.”

माझ्या नवऱ्याने जमिनीकडे पाहिलं. त्याचं तोंड बंद झालेलं मी लग्नापासून पहिल्यांदा पाहत होते.

त्या दवाखान्यात बाबा भराभर सुधारले. सलाइन लागलं, रक्तदाबाची गोळी बदलली. वॉर्डच्या टोकाला संडासांची ओळ होती, कायम माणसांचा राबता, बादल्यांचा खणखणाट, कुणी खोकतंय, कुणी हाका मारतंय. बाबा रोज सकाळी तिथे जायचे आणि हलके होऊन यायचे. बाटलीभर पाणी गटागटा प्यायचे. शेजारच्या खाटेवरच्या रंगाऱ्याशी चक्क हसून बोलायचे. असे बाबा मला माहीतच नव्हते.

सोडताना डॉक्टरने सांगितलं, “पाणी, भाज्या, फळं, चालणं. सकाळी खाल्ल्यावर थोड्या वेळाने निवांत बसायचं. आणि जोर आला की लगेच जायचं, दाबून धरायचं नाही. एवढं पाळलंत तर गोळी लागणारच नाही.” त्यातलं पाणी आणि भाजी माझ्या हातात होतं.

घरी आल्यावर आम्ही काय नाही केलं! टेबल बाहेरच्या खोलीत नेलं. दाराच्या फटीला रबराची पट्टी ठोकली. नवऱ्याने रेडिओ आणला, पण बाबा उठले की रेडिओ लागायचा, म्हणजे तो कशासाठी लागलाय हे सगळ्या मजल्याला कळायचं. रेडिओ वाजायला लागला की बाबा पुन्हा खाली बसायचे. ठकीला तर तिच्या हसण्यामुळे आजोबा आजारी पडले असं वाटायला लागलं होतं. ती घरात पाय न वाजवता चालायची. पाण्याचा ग्लास पुन्हा भरलेलाच परत यायला लागला.

शेवटी एका सकाळी मी म्हटलं, “बाबा, आम्ही तिघं जरा खाली जाऊन येतो.” कारणसुद्धा धड सांगितलं नाही. इमारतीखाली, सायकली लावतात तिथे, आम्ही थंडीत उभे राहिलो. नवऱ्याने ठकीला स्वतःच्या कोटात घेतलं होतं. मी सहज वर पाहिलं तर बाबा खिडकीत उभे राहून आमच्याकडे बघत होते.

वर गेलो तेव्हा ते दिवाणावर बसले होते. आत गेलेच नव्हते.

“माझ्या पोटासाठी पोरीला थंडीत उभं केलंत,” ते म्हणाले. “असं रोज करणार? सूनबाई, तुमचं काही चुकत नाही. पण मला कुठेतरी ठेवा. तसल्या वॉर्डसारख्या जागी.”

“बाबा, तिथे काय आहे असं?” नवऱ्याने विचारलं. पायातले बूटही त्याने काढले नव्हते.

“तिथे मी कुणाचा बाप नव्हतो,” बाबा म्हणाले.

माझा नवरा आत गेला आणि तोंडावर पाणी मारत राहिला.

आम्ही महिनाभर त्यांचं मन वळवत होतो. तोवर वजन पुन्हा उतरायला लागलं, आणि दाढीच्या डब्यात मला पुन्हा एक पाकीट सापडलं. मग मात्र मी हट्ट सोडला. गावाबाहेर वृद्धांसाठी एक जागा आहे, स्वच्छ, मोठी, अनोळखी माणसांनी भरलेली. तिथे त्यांना पोचवलं तेव्हा त्यांनी माझे हात हातात घेतले. एवढंच म्हणाले, “कारण कुणाला सांगू नका. माझ्या लेकीला तर नाहीच.” मी शब्द दिला.

आता रविवारी आम्ही भेटायला जातो. बाबांचे गाल भरलेत. एकही गोळी नाही. तिथल्या बागेत वाफे करतात, घामाघूम होऊन तांब्याभर पाणी पितात. ते इतके बरे दिसतात की परतताना मला रडू येतं. आमच्यापासून लांब गेला आणि माणूस सुधारला, याचा आनंद कसा मानायचा ते मला कळत नाही.

नणंद, म्हणजे बाबांची लेक, दूर असते. तिला बातमी लागली आणि तिचा फोन आला. नवरा समोरच बसला होता.

“शेवटी काढलंसच ना माझ्या बापाला घराबाहेर?” ती रडत होती. “एक कोपरा नव्हता तुझ्याकडे? दोन घास जड झाले होते? काय त्रास होता गं त्यांचा तुला?”

नवऱ्याने फोनसाठी हात पुढे केला. मी मान हलवली. सगळं अगदी ओठांवर आलं होतं.

“हो ताई,” मी म्हटलं. “मलाच जमलं नाही.”

तिने फोन आदळला.