बिनदातांचे सात किडे

कुसगावच्या देवळापुढं रविवारी सकाळी अशी गर्दी लोटे, की देवाला नमस्कार करणारालाही रांगेतून वाट काढावी लागे. रांग देवाची नव्हती, निवृत्तीबुवांची होती. बुवा दातातले किडे काढत, तेही चिमटा न लावता, नुसत्या मंत्राने.

पाण्याने भरलेली परात, मधोमध निखाऱ्यांची वाटी. बुवा निखाऱ्यांवर चिमूटभर 'विभूती' टाकत आणि वर भोकाची करवंटी पालथी घालत. भोकात नळी. रोग्याने ती तोंडात धरून धूर ओढायचा.

"नीघ पाताळाच्या राणी, सोड दाढेचा वाडा!" बुवा गरजत. करवंटी उचलली की पाण्यात बारीक, पांढरे, वाकडे किडे. बायका "अगं बया!" म्हणून मागं सरत आणि नीट दिसावं म्हणून लगेच पुढं येत.

धोंडाबाईच्या एका दाढेतून तीन रविवारांत तेहतीस किडे निघाले होते. एवढी प्रजा तिथं मावली कशी, हे विचारायचं कुणाला सुचलं नाही. ठणका मात्र तसाच होता आणि त्याच बाजूला गालाच्या आत झालेली जखम भरत नव्हती.

"राणी अजून आत हाय," बुवा म्हणाले. "फुडच्या रविवारी."

शेवटी तिचा मुलगा सोपान तिला लोणावळ्याला दातांच्या डॉक्टर गराड्यांकडे घेऊन गेला. काम साधं होतं, दाढ उपटायची. डॉक्टरांनी मात्र दाढेला हात लावण्याआधी सगळं तोंड पाहिलं. जीभ वर करायला लावली, आरशाने गाल ओढून पाहिला, गळा चाचपला.

"दाढ हितं हाय, डाक्टर. तुमी गावभर कशापायी हिंडताय?"

"मी येणाऱ्या सगळ्यांचंच पुरं तोंड बघतो, मावशी. मिश्री कुठं धरता?"

"ह्याच गालात. चाळीस वरसं."

"तिथंच पांढरा चट्टा आहे, आणि जखमेची कड टणक लागतेय. बारीक तुकडा काढून मुंबईला तपासायला पाठवू. कॅन्सर असला तर आत्ता हातात आहे, पुढं राहणार नाही."

"बुवा कापीत न्हाईत, तरी किडं निगत्यात. तुमी कापनार, आन निगनार काय? कागुद!" ती खुर्चीवरून उतरली ती थेट एसटी स्टँडवर.

रविवारी डॉक्टर कुसगावात आले. त्यांनी धोंडाबाईच्या पुढं गावातल्या म्हाताऱ्या कोंडाजीआबांना रांगेत उभं केलं, तोंडाला उपरणं गुंडाळून. धूर झाला, गर्जना झाली. सात किडे!

"आबा, आ करा," डॉक्टर म्हणाले.

आबांनी आ केला. आत एकही दात नव्हता.

"माजं दात पानशेतचं धरन फुटायच्या आदी गेलं," आबा खुशीत म्हणाले. "ह्ये सात जनं ऱ्हात कुटं व्हते?"

"हिरडीत लपलं व्हतं! लय हुशार जात!" बुवा म्हणाले. निम्म्या गर्दीने मान डोलावली. कॉलेजात डॉक्टरांना या उत्तराची तयारी कुणी करून दिली नव्हती.

धोंडाबाईने मात्र एक किडा नखावर घेतला. तो हलेना. हुलग्या-वालांना मोड आणण्यात तिचा जन्म गेला होता.

"ह्यो किडा न्हाई. मोड हाय!"

तिने बुवांची विभूतीची पिशवी ओढली. आत रिंगणीच्या काटेरी झुडपाचं चपटं बी. तिने एक नखाने फोडलं, तर आत तोच वाकडा, पांढरा कोंब. मग चिमूटभर बी निखाऱ्यांवर टाकून तिने करवंटी झाकली. नळी कुणीच तोंडात धरली नव्हती. बी तडतडून फुटलं. करवंटी उचलली, तर पाण्यात किडेच किडे.

"करवंटीला बी दाढ हाय काय, बुवा?"

गर्दी हसली. धोंडाबाई हसली नाही.

"माजा म्हयना खाल्ला ह्यानं," ती म्हणाली आणि डॉक्टरांकडे वळली. "तुमच्यावर बी इस्वास न्हाई. पर तुमी तोंडात बगितलंत, ह्यानं येकदाबी बगितलं न्हाई. काडा तुकडा. कागुद मातुर सोपान वाचंल."

कागद सोपाननेच वाचला. कॅन्सर होता, पण लहान होता. मुंबईला ऑपरेशन झालं. गाल थोडा ओढला गेला, पण धोंडाबाई वाचली.

तेव्हा वाचकहो, बुवांवर संशय घ्याच, पण मिश्री-तंबाखूवरही घ्या. पंधरा दिवसांत न भरणाऱ्या जखमेवर घ्या, पांढऱ्या-लाल चट्ट्यावर घ्या. दात दाखवायला गेलात की सगळं तोंड दाखवून या. आणि डॉक्टर नुसता दात बघून "जा" म्हणाला, तर खुर्चीवरून उठू नका.