तळहातावरचं वळण

"हा मासा आहे," जुन्या हस्ताक्षरातल्या एका शब्दाकडे बघत वॉटी म्हणाला.

"मासा नाही रे बाबा, तो माणूस आहे. जॉन नाव आहे त्याचं," एल्सपेट म्हणाली आणि तिने वॉटीच्या हातातली पेन्सिल उलटी करून दिली. "किती वेळा सांगू तुला? नुसता टक लावून बघत बसू नकोस. टोक वर धर, आणि कारकुनाचा हात जसा फिरला तसा तुझा फिरव. डोळे फसतात, हात फसत नाही."

वॉटी कूल हा माणूस उभा जन्म मासेमारीच्या बोटीवर राहिलेला, त्यामुळे त्याला सगळीकडे मासेच दिसायचे. पण एल्सपेटपुढे तो पहिलीतल्या पोरासारखा मान खाली घालून गिरवायला लागायचा. दर बुधवारी पोर्टगार्वी या आमच्या मासेमारीच्या गावात, चर्चशेजारच्या हॉलमध्ये हा वर्ग भरायचा. आम्ही पाच-सहा म्हातारी माणसं, पुढ्यात जुन्या चर्चच्या वह्यांच्या छापील नकला, आणि मी भाजून आणलेले स्कोन, म्हणजे छोटे गोडसर पाव. माझी बेकरी बंद झाली तरी हात गप्प बसत नव्हते.

एल्सपेट मेअर आमच्या गावची पोस्टमन होती. डॉक्टरांचं अक्षर, दारू पिऊन लिहिलेलं अक्षर, रडत लिहिलेलं अक्षर, सगळं तिने बरोबर दारात पोचवलं. पेन्शनीत निघाल्यावर ती दोनशे-अडीचशे वर्षांपूर्वीच्या अक्षरांकडे वळली, एवढंच. जुन्या कारकुनांबद्दल ती शेजाऱ्यांबद्दल बोलावं तशी बोलायची. "हा गॉर्डन मास्तर महाचिकट. कागद वाचवायला ओळीवर ओळ चढवतो." किंवा, "हा बघा, जेवण झाल्यावर लिहायला बसलाय. ओळ कशी पेंगत खाली आलीय!"

त्या बुधवारी दारात एक लालभडक केसांची बाई उभी राहिली. रोवेना पिरी, न्यूझीलंडमधल्या डनेडिनहून आलेली. तिने पर्समधून एका पानाची नक्कल काढली आणि टेबलावर दोन्ही हातांनी सपाट केली.

"आमच्या घराण्यातला पहिला माणूस इथून आला. जेम्स पिरी," ती म्हणाली. "पण त्याचं नाव घरात काढायची चोरी होती. काहीतरी लाजिरवाणं करून तो पळाला, एवढंच सगळे म्हणायचे. बाबा गेले तेव्हाही त्यांना ते खुपत होतं. मला एकदाचं कळायचंय, त्याने केलं तरी काय?"

एल्सपेटने भिंग घेतलं, पानावर वाकली आणि घडाघडा वाचत सुटली. जेम्स पिरी आणि त्याची बायको, दोघंही सदाचरणी, गावाला प्रिय. चर्चच्या पंचांनी त्यांना चांगल्या वागणुकीचा दाखला देऊन आशीर्वादासह निरोप दिला.

रोवेनाने तोंडावर हात घेतला आणि ती रडायला लागली. आम्ही टाळ्या वाजवल्या. मी तर तिला सगळ्यात मोठा स्कोन दिला, वर लोणीही थापलं.

"बंदराच्या भिंतीवर दगड बसवायची परवानगी मी काढलीय," ती डोळे पुसत म्हणाली. "हीच वाक्यं कोरून घेते. पाथरवटाला शनिवारी मजकूर द्यायचाय."

सगळे आनंदात होते. एकटा वॉटी साखर न घातलेला चहा कितीतरी वेळ ढवळत होता.

बाहेर पडल्यावर त्याने मला भिंतीच्या आडोशाला ओढलं. "जीन, त्या पानावर स्टूल आहे."

"कसलं स्टूल?"

"पश्चात्तापाचं! मला वाचता येणारे शब्द मोजकेच, पण तो पक्का येतो. आमच्या घराण्यात दर पिढीला कोणी ना कोणी बसलाय त्याच्यावर." आमच्या पूर्वजांची ती रीतच होती. कोणी नियम मोडला की रविवारी भर चर्चमध्ये, सगळ्यांसमोर, त्याला बुटक्या स्टुलावर बसवायचे. "आणि दुसरं सांगू? तिने भिंग ओळींवर धरलंच नव्हतं. समासावर धरलं होतं. कोऱ्या समासावर."

"मग तिथेच का नाही बोललास?"

"पाहुण्यांसमोर?" वॉटी माझ्यावरच डाफरला. "एल्सपेटला?"

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही दोघं तिच्याकडे गेलो. तिने चहा ओतला, तेव्हा माझी खात्रीच पटली. कप किती भरला हे तिने कडेला आत बोट घालून पाहिलं. चटका बसला तरी तोंडातून आवाज काढला नाही.

"एल्सपेट," मी म्हणाले, "तुला माझा चेहरा दिसतोय का गं?"

तिने किटली खाली ठेवली. मग म्हणाली, "नाही. मधोमध काळा डाग आहे. कडेकडेचं दिसतं. तुझे कान दिसतात."

"कान तेवढेच बरे आहेत माझे."

ती हसली आणि हसता हसताच तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. "डॉक्टर म्हणतो, आता सुधारणार नाही. हिवाळ्यापासून मी अंदाजानेच वाचतेय. कारकून तीच तीच वाक्यं लिहितात गं, मला पाठ आहेत. आणि तुम्ही कोणी धड शिकला नाहीत, त्यामुळे निभावून गेलं."

"मी शिकलो," वॉटी दुखावून म्हणाला. "स्टूल मी वाचलं."

"वाचलंस?" तिचा चेहरा उजळला आणि लगेच पडला. "मग तुला कळलंच. अरे, माझा बुधवार गेला तर माझ्याकडे उरतं काय? मंगळवार? ती पोरगी समोर आस लावून बसली होती. मला वाटलं, चांगलंच ऐकवावं. कोणाचं काय बिघडतंय?"

"ती दगडात कोरणार आहे," मी म्हणाले.

मला तिचा राग आला होता आणि तिला मिठीतही घ्यावंसं वाटत होतं, दोन्ही एकदमच.

वॉटीने खिशातून, रोवेना वर्गात ठेवून गेलेली त्या पानाची नक्कल काढून टेबलावर ठेवली. मग त्याने एल्सपेटचा हात ओढला, तळवा वर केला आणि आपलं दोरखंडांनी सुजलेलं जाड बोट त्यावर टेकवलं.

"काय करतोयस?"

"डोळे फसतात, हात फसत नाही. तूच म्हणतेस ना? मला दिसतंय पण कळत नाही. तुला कळतंय पण दिसत नाही. मी गिरवतो. तू वाच."

"गुदगुल्या होतायत, मेल्या!"

"गप बस."

तो कागदावर बघून एकेक रेघ तिच्या तळहातावर ओढू लागला. आधी ती नुसती खिदळत होती. मग हळूहळू हसू थांबलं आणि तिने डोळे मिटले. "थांब. पुन्हा ओढ. खालून वर गेलास की वरून खाली?... अरे, हा तर गॉर्डन मास्तर! बोटं गारठलीयत त्याची, जोर बघ किती देतोय." जुना मित्र रस्त्यात भेटावा तसा तिला आनंद झाला.

दुपार संपली, मी दोनदा चहा केला, मग हॅडॉक माशाचं सूप गरम केलं. ओळीमागून ओळ तिच्या तळहातातून बाहेर येत गेली आणि मी ती उतरवून घेतली.

शनिवारी रोवेना पाथरवटाचा कागद घेऊनच हॉलमध्ये आली. आम्ही सगळे जमलो होतो. एल्सपेट उठली, भिंतीला चाचपत चहाच्या कपाटापाशी गेली आणि वरच्या फळीसाठी ठेवलेलं बुटकं स्टूल घेऊन आली. हॉलच्या मधोमध ठेवून ती त्याच्यावर बसली. गुडघे हनुवटीला लागायला आले होते, पण पाठ ताठ होती.

"मिसेस पिरी," ती म्हणाली, "बुधवारी मी तुम्हाला वाचून दाखवलं ते कागदावर नव्हतं. मला दिसत नाही. कित्येक महिन्यांपासून दिसत नाही. मी तुम्हाला मनचं सांगितलं, आणि यांनाही फसवलं."

एल्सपेट एवढीशी दिसत होती तिथे, आणि मला ते बघवेना. मी एक लहान मुलांची खुर्ची ओढली आणि तिच्या शेजारी जाऊन बसले. खुर्ची करकरली.

"तू कशाला गं?" ती कुजबुजली.

"टाळ्या मीही वाजवल्या होत्या. सरक जरा."

मग वॉटीने तळहातावर गिरवून आणि एल्सपेटने ओळखून पान कसं वाचलं ते सांगून, बसल्या बसल्याच मी खरा मजकूर वाचला. लाल केसांमुळे ज्याला गाव 'गाजर' म्हणत असे, तो जेम्स पिरी देवाच्या वारी, म्हणजे कामाला मनाई असलेल्या रविवारी, बोट घेऊन समुद्रात गेला, कारण हेरिंग माशांचा थवा बंदराच्या तोंडाशी आला होता आणि घरात खायला नव्हतं. पंचांनी त्याला तीन रविवार स्टुलावर बसायची शिक्षा दिली. पहिल्या रविवारी तो बसला. दुसऱ्या रविवारी बसला, लोक हसले. तिसऱ्या रविवारी त्याची बायको मार्गारेट स्मिथ आपलं बाक सोडून उठली आणि त्याच्या शेजारी जाऊन बसली. तिला कोणी बोलावलं नव्हतं. पंचांनी विचारलं तेव्हा म्हणाली, मासे मीही खाल्ले होते. यावर काय करावं हे पंचांना कळेना, म्हणून त्यांनी छपराच्या दुरुस्तीचा विषय पुढे घेतला.

"छपराचा!" वॉटी मागून म्हणाला. "पाऊस गळत असणार त्यांच्या डोक्यात."

रोवेना हसली नाही. ती आमच्या दोघींकडे बघत होती, स्टुलाकडे आणि करकरणाऱ्या खुर्चीकडे. "एवढ्यासाठी?" ती म्हणाली. "एवढ्यासाठी पिढ्यानपिढ्या आम्ही लाजत होतो? आणि ही बाई... तिचं तर नावही आम्हाला कोणी सांगितलं नाही."

तिने पाथरवटाचा कागद उलटा केला आणि मागच्या कोऱ्या बाजूवर मोठ्या अक्षरांत लिहिलं: मार्गारेट स्मिथ, शेजारी येऊन बसली. खाली जेम्सचं नाव. बस, आणखी काही नाही. तो दगड आजही बंदराच्या भिंतीत आहे, वॉटी जाता-येता टोपी काढतो.

मला वाटलं, झालं, आता ती जाईल. एल्सपेटलाही तसंच वाटलं असावं. तिने एप्रनच्या खिशातून भिंग काढलं, रुमालाने नीट पुसलं आणि वॉटीच्या हातात ठेवलं. "घे. तुला लागेल," ती म्हणाली. मग उठण्यासाठी माझ्या खांद्यावर हात टेकला.

"थांबा," रोवेना म्हणाली. तिने पर्समधून आणखी एक नक्कल काढली. "पुढचं पानही आणलंय मी. पुढे त्यांचं काय झालं?"

आणि एवढी उंचीपुरी बाई तिथेच फरशीवर गुडघे टेकून बसली. एल्सपेट पुन्हा स्टुलावर टेकली. तिने मांडीवरचा हात उलटा केला, तळवा वर धरला, आणि बोटं पूर्ण उघडली.

"सावकाश गिरवा," ती म्हणाली. "गॉर्डन मास्तरला घाई चालत नाही."