सूनबाईंच्या डोळ्यांना धार

निवेदिताबाईंना कीर्तनाचं वेड होतं, आणि घरात ते त्यांना एकटीलाच होतं. इंग्लंडमधल्या रीडिंग गावात कीर्तन वर्षातून दोन-चारदा, तेही चर्चच्या हॉलमध्ये, प्लॅस्टिकच्या खुर्च्यांवर. मुलगा कुश दारात सोडायचा आणि गाडीतून न उतरताच "संपलं की फोन कर" म्हणायचा. शेजारच्या खुर्चीत आपलं माणूस असावं एवढंच त्यांचं देवाकडे मागणं. म्हणून परवा सून सारा आपणहून बरोबर आली, तेव्हा बाईंना देव पावला.

दुसऱ्या दिवशी कीर्तन भरवणाऱ्या मराठी मंडळाच्या मनीषाने ग्रुपवर फोटो टाकला. पुढे बुवा, डोळे मिटलेले, चिपळ्यांचा हात वर. दुसऱ्या रांगेत सारा, मान खाली, ओढणीचं टोक तोंडावर, गालावर चक्क पाणी. शेजारी निवेदिताबाई, दोन्ही हात वर आणि तोंड एवढं उघडं, की डेंटिस्टला फोटोवरूनच काम उरकता आलं असतं.

स्वतःकडे बाईंनी पाहिलंच नाही. फोटो लगेच नागपूरच्या बहिणीला गेला. खाली ओळ: 'बुवांनी नामाचा गजर धरला आणि सूनबाईंच्या डोळ्यांना धार लागली. ब्रिस्टलला जन्मलेली मुलगी गं ही!' बहिणीचं उत्तर आलं, 'तुझेच संस्कार.' बाईंनी ते खोडून काढण्याची घाई केली नाही.

संध्याकाळी मंडळाने पुढच्या रविवारच्या कीर्तनाचं पोस्टर काढलं. फोटो तोच, फक्त बाईंची बाजू कापलेली. एकटी सारा, ओले गाल, आणि वर 'तरुण पिढीही भक्तिरसात चिंब'.

सारा फोन घेऊन किचनमध्ये आली. "आई, हे पोस्टर काढून टाकायला सांगा ना, प्लीज."

"त्यात लाजायचं काय? देवापुढे रडू येणं भाग्याचं असतं."

"मी रडत नव्हते."

"मग?"

सारा सिंककडे बघत राहिली. "हसत होते. थांबतच नव्हतं."

"बुवांना?" बाईंचा आवाज चढला.

"नाही. तुम्हाला."

बाईंनी चष्मा लावून अख्खा फोटो पुन्हा उघडला. पुढच्या रांगेतले कमलाकरराव कान देऊन ऐकतायत असं त्यांना सकाळी वाटलं होतं. हात कानामागे नव्हता, कानावर होता. पेटीवाल्याची मान भक्तीने झुकलेली नव्हती. बुवांची पट्टी धरावी की बाईंची, या पेचात तो बिचारा पेटीतच डोकं घालू पाहत होता. बुवांच्या मिटल्या डोळ्यांकडे तर त्यांना बघवेना. मग त्यांनी मागच्या वर्षीचे फोटो काढले. हॉल वेगळा, बुवा वेगळे, भाविक तसेच डोळे मिटून. बाई मात्र त्याच, दोन्ही हात वर.

आधी त्या स्वतःच खो खो हसल्या. मग त्यांनी चष्मा काढून ठेवला.

"रविवारी मी नुसते ओठ हलवीन," त्या म्हणाल्या. "आवाज काढणार नाही. येशील ना?"

"मग मी कशाला येऊ?" सारा म्हणाली. "बुवांचं मराठी मला अर्धं कळत नाही. तुम्ही हात वर करून गाता ना, तेव्हा मला कळतं की आता काहीतरी मोठं चाललंय. मी सारखी तुमच्याकडेच बघत होते. म्हणून तर हसू आलं."

इतकी वर्षं बाईंनी सोबत मागितली, आणि देवाने ती त्यांच्या बेसूर गळ्याकरवी पाठवली. त्याच्या निवडीत खोट काढणाऱ्या त्या कोण?

"अख्खा फोटो टाकला तर चालेल तुला?"

"तुम्ही त्यात असाल तर चालेल."

बाईंनी मनीषाला फोन लावला. "पोस्टरवर फोटो कापू नकोस गं. आहे तसा टाक."

"पण काकू, तुमचं तोंड..." मनीषा अडखळली. "म्हणजे, जरा जास्तच उघडं आलंय."

"ठाऊक आहे. त्याशिवाय ही का रडतेय ते लोकांना कळणार कसं? आणि ते चिंबबिंब काढून टाक."

"मग वर काय लिहू?"

बाईंनी साराकडे पाहिलं. ती सिंकला टेकून, पुन्हा हसू दाबत लाल झाली होती.

"लिही, सर्वांनी यावं. गळ्याची अट नाही."