सुहासिनीबाईंचं आभारप्रदर्शन

कॉलेजचं विद्यापीठ झालं की आधी फी वाढते आणि मग इतिहास वाढतो. कल्याणच्या त्या कॉलेजला दोन वर्षांपूर्वी विद्यापीठाचा दर्जा मिळाला, आणि लगेच कोणाच्या तरी लक्षात आलं की आपल्या मुलांच्या बास्केटबॉल संघाला चाळीस वर्षं झाली. मग काय, सोहळा! ढोलताशा, पडद्यावर फिल्म, नव्या क्रीडासंकुलाचं नामकरण, सगळं ठरलं.

सुहासिनी लेल्यांना विनीतचा फोन आला. विनीत त्यांच्या संघाचा एकेकाळचा कॅप्टन, आता विद्यापीठाचा कुलसचिव. "मॅडम, तुमच्याशिवाय हा कार्यक्रम होऊच शकत नाही," तो म्हणाला. बाई अडुसष्ट वर्षांच्या, डोंबिवलीत एकट्या राहणाऱ्या, आणि गोड बोलण्याला सहसा न भुलणाऱ्या. या वेळी मात्र भुलल्या. सव्वीस वर्षं त्यांनी तो संघ घडवला होता, आणि 'प्रशिक्षक' या शब्दापुढे त्यांचं नाव एकदाही लागलं नव्हतं. आता तरी लागेल, असं त्यांना वाटलं. त्यांनी ठेवणीतली नारायणपेठ काढली.

त्याचं असं झालं होतं. बाईंना नेमलं होतं मुलींच्या खेळांसाठी. मुलींचा संघ काही उभा राहिना, कारण आईबापच पाठवेनात. इकडे मुलांना शिकवायला कोणी नाही. बाई स्वतः बास्केटबॉल खेळलेल्या. ओढणी कमरेला बांधून त्या मैदानात उतरल्या. संस्थेच्या मंडळींना बाईने पोरं शिकवलेली चालत होती, तसं कुठे छापलेलं चालत नव्हतं. म्हणून नावाला प्रशिक्षक झाले क्रीडा समितीचे अध्यक्ष अण्णा. चेंडूत हवा भरतात की पाणी, हेही या गृहस्थांना ठाऊक नसावं.

बाईंची सगळी शिकवण एका शब्दात मावायची. "गुडघे!" बचाव करताना गुडघे वाकलेले हवेत, नाहीतर समोरचा बाजूने निघून जातो. बाई ओरडल्या की पोरं असतील तिथे खाली जायची, हात पसरून, आणि बाई "उठा" म्हणेपर्यंत वर यायची कोणाची बिशाद नव्हती. मांड्या थरथरायच्या, डोळ्यांत पाणी यायचं. कळव्याहून येणारा काटकुळा विनीत तर सुरुवातीला दोनदा पळून गेला. दोन्ही वेळा बाई त्याच्या घरी गेल्या, आईच्या हातचा चहा प्यायल्या आणि त्याला मैदानात परत घेऊन आल्या.

मग ठाण्याला, कोपरीच्या मैदानावर, आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेचा अंतिम सामना आला. अण्णा म्हणाले, "बाईमाणसाने मुलांच्या बाकावर बसणं बरं दिसत नाही." तेव्हा बाई बसल्या प्रेक्षकांत, आणि बाकावर बिल्ला लावून बसले अण्णा. उत्तरार्धात पोरं दमली, ताठ उभी राहू लागली, समोरचे त्यांच्या मधून खुशाल जाऊ लागले. बाई गर्दीत उठून उभ्या राहिल्या आणि बेंबीच्या देठापासून ओरडल्या, "गुडघे!" आजूबाजूचे लोक हसले. पोरं हसली नाहीत, खाली गेली. सामना जिंकला. चषक अण्णांनी घेतला आणि फोटो बाईंनी काढला, कारण कॅमेरा त्यांचाच होता.

इतकं सगळं मनात घेऊन बाई सोहळ्याच्या दारात पोचल्या. सूट घातलेला विनीत धावत आला आणि त्याने त्यांच्या हातात ताम्हन ठेवलं. निरांजन, सुपारी, कुंकू, अक्षता. "मॅडम, अण्णांचं औक्षण तुमच्या हातून. आणि शेवटी आभारप्रदर्शन तुमच्याकडे. मुद्दाम स्टेजवर घेतलंय तुम्हाला."

बाईंनी ओवाळलं. अजून सत्कार व्हायचाय, तोवर तोंड वाकडं कशाला करा, असा विचार केला. ऐंशी ओलांडलेले अण्णा खुर्चीत बसूनच त्यांच्याकडे बघत राहिले. "तुम्ही लायब्ररीत होता ना?" त्यांनी विचारलं.

मग फिल्म सुरू झाली. 'कल्याणच्या बास्केटबॉलचे जनक अण्णा.' 'अण्णांची करडी शिस्त.' फोटोमागून फोटो, सगळे बाईंनी काढलेले. प्रत्येक फोटोत अण्णा छाती काढून मध्ये, आणि भोवतीची पोरं कॅमेऱ्याकडे बघून खिदळतायत. ती कोणाकडे बघून हसत होती, हे त्या फिल्मवाल्याला कसं कळणार? पण शेवटचं वाक्य ऐकलं आणि बाईंच्या अंगाची लाही लाही झाली. "आणि मैदानावर घुमणारी अण्णांची ती प्रसिद्ध हाक," गंभीर आवाजातला निवेदक म्हणाला, "गुडघे!"

नाव गाळलं ते एक वेळ सोसलं असतं. आता आवाजही चोरला. आणि सभागृहाने टाळ्या वाजवल्या. त्यांची पोरं होती ती, टक्कल पडलेली, पोट सुटलेली. दिव्याहून आलेला तानाजी मघाशी पाया पडून म्हणाला होता, "मॅडम, मी यांना बोललेलो, मॅडम नाय तर मजा नाय." तोही टाळ्या वाजवत होता. बाईंना वाटलं, उठावं आणि एकेकाच्या कानाखाली काढावी.

भाषणं सुरू होती तेव्हा त्यांनी विनीतला पडद्यामागे गाठलं.

"हाक कोणाची होती रे?"

विनीतने इकडे तिकडे पाहिलं. "मॅडम, रेकॉर्डला कोच अण्णाच आहेत ना. फिल्म रेकॉर्डवरून केली."

"आणि तू? तू रेकॉर्डवर खेळलास?"

"मॅडम, प्लीज. संकुलाला त्यांचं नाव देतोय, त्यांचं वय झालंय. तुम्ही तरी समजून घ्या."

समजून घ्या! बाईमाणसाला जन्मभर फुकटात आणि पोतंभर मिळणारी एकच गोष्ट म्हणजे हे 'समजून घ्या'. आईबाप मुलींना खेळू देत नाहीत, समजून घ्या. बाकावर बसू नका, समजून घ्या. बाईंनी सव्वीस वर्षं समजून घेतलं होतं. आता त्यांना राग आला होता, तोही दुसऱ्या कोणासाठी नाही, स्वतःसाठी, आणि त्याची त्यांना अजिबात लाज वाटत नव्हती. ज्याला घरून दोनदा उचलून आणलं त्यानेच हे करावं, याचा तर जास्तच.

"आणि आता आभारप्रदर्शन," अमृता नावाच्या निवेदिकेने जाहीर केलं, "श्रीमती सुहासिनी लेले."

आपल्याकडे आभारप्रदर्शन कोणी ऐकत नाही. ते सुरू झालं की लोकांना बटाटेवड्याचा वास येतो. खुर्च्या सरकल्या, निम्मं सभागृह उभं राहिलं, तानाजी तर दारापाशीच पोचला. बाईंनी विनीतने दिलेला कागद घडी करून पर्समध्ये टाकला.

"मी अण्णांचे आभार मानते," त्या म्हणाल्या. "सव्वीस वर्षं ते माझ्या कामात एकदाही आले नाहीत, त्याबद्दल. कुलसचिवांचे आभार मानते. त्यांनी माझ्या पोरांचा इतिहास लिहिला आणि त्यातून मला अशा सफाईने काढलं, जशी आमटीतून मिरची काढावी."

कोणीतरी हसलं. बाकीचे वड्यांकडे निघाले होते. विनीत लगबगीने माईककडे येऊ लागला, चेहऱ्यावर ते कार्यक्रमातलं हसू घेऊन.

"आणि ही प्रसिद्ध हाक अण्णांची आहे म्हणे," बाई म्हणाल्या. "असेल. आपण बघू."

त्यांनी माईक बाजूला केला. त्यांना तो कधीच लागला नव्हता.

"गुडघे!"

दारातला तानाजी खाली गेला, हातातल्या वड्याच्या बशीसकट. त्याच्या मागचे दोघे गेले. खुर्च्यांच्या रांगांत, पॅसेजमध्ये, पन्नाशीची ढेरपोटी माणसं हात पसरून वाकली. कोणाचा गुडघा वाजला, कोणाची चटणी सांडली, कोणी "आई गं" म्हणालं, पण खाली सगळे गेले. आणि स्टेजवर, सगळ्यांच्या देखत, अण्णांच्या खुर्चीपासून हातभर अंतरावर, विनीत सुटाबुटात अर्धा बसला होता. हात दोन्ही बाजूंना पसरलेले, मान वर, डोळे बाईंवर. आपण काय केलं हे त्याला कळलं तेव्हा तो कानापर्यंत लाल झाला.

"काय झालं? काय झालं?" अण्णा विचारत होते.

बाईंनी विनीतकडे नीट पाहून घेतलं. पाठ जरा वाकली होती, बाकी ठीक होतं. मग त्यांनी पर्स उचलली, नारायणपेठेच्या निऱ्या सावरल्या आणि त्या पायऱ्या उतरून वाकलेल्या माणसांच्या मधून दाराकडे चालू लागल्या.

"मॅडम," तानाजी खालून हळूच म्हणाला. त्याच्या मांड्या थरथरत होत्या.

'उठा' म्हणायचं बाईंच्या लक्षात होतं. त्या म्हणाल्या नाहीत.