घराकडची हाक

वसरामच्या गळ्यात तीन हाका होत्या. एक गुरं थांबवायची, एक पांगवायची आणि एक दिवस कलला की घराकडं वळवायची. आता दावणीला एकच म्हातारी गाय उरली होती, कबरी. तिला थांबवायलाही नको आणि पांगवायलाही नको, ती आपली खुंट्याभोवती दिवस काढत होती. त्यामुळं हाका गळ्यातच गंजून चालल्या होत्या आणि म्हातारा त्याचं दुःख येईल त्याला ऐकवायचा. सून रूपाबाई म्हणायची, "गंजल्या तर गंजल्या. आमाला दुपारची झोप तरी लागून राहिली."

एक काळ असा होता की वसरामच्या गुरांचं खांड बंजाऱ्यांच्या तांड्यावरून निघालं की साखऱ्याच्या रस्त्यावर जीपवाले गुमान थांबायचे. त्याच्या पणज्यानं बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलूख तुडवला होता. बैल गेले, व्यापार गेला, हाका तेवढ्या वारशात आल्या. पुढं माळ नांगरले गेले, जिकडं तिकडं सोयाबीन झालं आणि चरायला बांधाएवढी जागा राहिली. मग गोरेगावच्या खाजा मियानं कबरी सोडून सगळं खांड विकत घेतलं. त्या दिवशी घेणारा आणि विकणारा दोघंही जेवले नाहीत, असं खाजा मिया अजून शपथेवर सांगतो. जनावरांच्या बाजारात जन्म काढलेल्या माणसाची शपथ किती धरायची, ते ज्याचं त्यानं ठरवावं.

पण वसरामला खांडापेक्षा जास्त आठवायची ती त्या खांडामागं चालणारी नात. मुलाची, देविदासची पोरगी, पुजा. शाळेला सुट्टी लागली की ती आजोबाच्या मागं माळावर. भाकरी फडक्यात, पायात वहाण असली तर असली. कबरी तेव्हा कालवड होती आणि पोरीनं तिला एवढं लाडावून ठेवलं होतं की ती तिच्याच हातचं पाणी प्यायची. पुजानं तिन्ही हाका नुसत्या ऐकून उचलल्या. एका संध्याकाळी वसरामला खोकला लागला, तर हिनं ओढ्याच्या अलीकडून तोंडाला हात लावून घराकडची हाक दिली, आणि पलीकडची सगळी जनावरं माना उचलून वळली.  पोटात साखर पडल्यासारखं झालं वसरामला, पण तोंडानं म्हणाला काय, तर "आवाज लई चढा हाय, खाली घे."

पुढं पोरगी आश्रमशाळेत गेली. तिथल्या शिला मॅडमनी तिला फुटबॉलच्या गोलात उभं केलं. अंगावर येणाऱ्या बैलाला जी भीत नाही ती चेंडूला काय भिणार? शाळेतून क्रीडा प्रबोधिनी, तिथून गोव्याचा नीलसागर क्लब. पगारावर खेळणाऱ्या पोरींचा क्लब, आणि यंदा पहिल्यांदाच देशाच्या लीगमध्ये उतरलेला. पुजाला बाविसावं लागलं होतं. साखऱ्याकडच्या एका तांड्यावरून चांगलं स्थळ आलं होतं, पोरगा तलाठ्याची परीक्षा देत होता, देविदासला मनापासून पसंत होतं. घरात महिनाभर धुसफूस चालली. शेवटी वसरामनं हे प्रकरण तांड्याच्या नायकाच्या ओट्यावर नेलं आणि चार लोकांसमोर बापलेकीत ठराव झाला. क्लब लीगमध्ये टिकला तर पुजाचा शब्द, खालच्या लीगमध्ये घसरला तर देविदासचा. घसरला तर क्लब पोरींचा संघच मोडणार होता, तसं त्यांनी आधीच सांगितलं होतं. पोराकडच्यांनीही हंगाम संपेपर्यंत थांबायचं कबूल केलं. तांड्यात ओट्यावर दिलेला शब्द म्हणजे दगडावरची रेघ.

पहिला सामना बघायला अर्धा तांडा गोरेगावात, खाजा मियाच्या पोराच्या, मुबश्शीरच्या मोबाईलच्या दुकानात लोटला. कोणीतरी थाळी आणली होती. मध्यंतरापर्यंत पुजा पडद्याच्या डाव्या हाताला उभी होती, म्हणजे उजव्या हाताच्या जाळीत चेंडू गेला की आपला फायदा, एवढं सगळ्यांना पाठ झालं. मध्यंतरानंतर थोड्याच वेळात उजव्या जाळीत चेंडू गेला. दुकानात एकच कल्ला उठला, थाळी वाजली, रूपाबाईनं खाजा मियाच्या बायकोला, अमीरबीला, मिठी मारली. मुबश्शीर कपाळ धरून ओरडला, "अवं, बाजू बदलल्या ना! गोल आपल्यावर झाला!"

"बाजू काहून बदलल्या?" वसराम भडकला. "एकदा धरलेला माळ जनावर भर दुपारी बदलत न्हाई, अन् ही माणसं!"

त्या दिवसापासून म्हाताऱ्यानं डोळ्यांवर भरवसा ठेवायचं सोडलं. मुंग्यांएवढी माणसं, त्यात घटकेत इकडची तिकडं. तो मोबाईल कानाला लावून सामना ऐकायला लागला. लोक हसले. पण पोरींच्या सामन्याला मैदानं निम्मीअधिक रिकामी असायची आणि त्या शांततेत खेळणाऱ्यांची हाकाटी लख्ख ऐकू यायची. पुजा मागून हिंदीत ओरडायची, पुढची मणिपूरची, तिच्या पलीकडची केरळची, एक झारखंडची. कोणाचं कोणाला कळत नव्हतं. नीलसागर एकामागून एक हरत गेला. होळी आली, तांड्यावर बायकापुरुष फेर धरून नाचले, आणि पहिल्यांदाच पुजा त्यात नव्हती. वसराम ओट्याच्या कडेला बसून राहिला. त्याला पोरीची फार आठवण आली आणि त्यानं ती कोणाला सांगितली नाही.

होळीनंतरच्या सामन्यात मात्र त्याच्या कानात एकदम ओळखीचं काही शिरलं. लांबवर ओढलेलं, शेवटी तुटक. थांबायची हाक! समोरच्या संघाची लाट अंगावर येत होती आणि घाबरलेल्या पुजाच्या तोंडून हिंदीऐवजी माळावरची हाकच निघून गेली. तिच्या पुढच्या चौघी दचकून जागच्या जागी थबकल्या, समोरची चेंडू यायच्या आधीच त्यांच्या पलीकडं निघून गेली आणि पंचानं तिलाच ऑफसाइड देऊन शिट्टी फुंकली.

रात्री पुजाचा फोन आला; आजोबाला ती दादाच म्हणायची. "दादा, कोच बाई विचारून राहिल्या, ही कोन्ती भाषा म्हनून."

"मंग काय सांगितलं?"

"म्हनलं, आमच्या गुरांची. आता तिन्ही हाका समद्यांना शिकवून राहिले. मणिपूरची पोरगी तर तुमच्यापेक्षा चांगली काढती."

"काढती म्हने!" वसराम म्हणाला आणि फोन ठेवल्यावर बराच वेळ एकटाच हसत बसला. माळ गेला, खांड गेलं, आणि त्याच्या हाका गोव्यात कुणाकुणाच्या गळ्यात जाऊन बसल्या होत्या.

नीलसागर सावरला. एक जिंकला, दोन बरोबरीत सोडवले, पुन्हा एक जिंकला. हंगामाचा शेवटचा सामना उरला, तेव्हा खाजा मियानं हिशेब सोपा करून सांगितला. "बराबरी झाली तरी टिकले. हरले तर गेले."

त्या दिवशी खाजा मिया स्वतः मुबश्शीरचा मोठा फोन घेऊन तांड्यावर आला. उन्हं उतरत होती. लिंबाखाली बाज टाकली, बाजेवर फोन, आणि चार हातांवर कबरी रवंथ करत बसलेली. देविदासनं गोरेगावहून गुळाची ढेप आणून घरात ठेवली होती. तांड्यात गूळ वाटला की सोयरीक पक्की, आणि ती ढेप कशासाठी आली ते कोणी कोणाला विचारलं नाही.

दोन्हीकडं एकेक गोल झाला होता. शेवटची काही मिनिटं राहिली आणि समोरच्या संघानं नीलसागरला घेरलं. चेंडू दूर जायचा आणि परत यायचा. खाजा मियाच्या तोंडातलं पान तसंच राहिलं. देविदास उभा राहिला होता. ढेप आणणारा बाप तोच, पण मुठी आवळलेल्या आणि ओठ पुटपुटत होते, "धर पोरी, धर." वसराम डोळे मिटून फोनजवळ कान नेऊन बसला होता. एकदा त्याला वाटलं, हरली तर पोरगी येईल. उद्या परवा ती समोर दिसेल, शेजारच्याच तांड्यावर राहील, सणावाराला येईल. मन कसं असतं बघा, ज्या गोष्टीसाठी ओट्यावर भांडलो तीच ऐन वेळेला नको म्हणतं. त्याला स्वतःची लाज वाटली.

तेवढ्यात फोनमधून हाक आली. घराकडची. मोठी, भरलेली, चढ्या आवाजातली. आणि तिच्या मागोमाग मणिपूरच्या, केरळच्या, झारखंडच्या गळ्यांतून तीच. पुढं गेलेली एकूणएक पोरगी वळून पळत मागं आली आणि पुजाच्या समोर भिंत उभी राहिली. चेंडू त्या भिंतीवर आपटला, उडाला, आणि पुजानं झेप घेऊन तो छातीशी धरला. शिट्टी वाजली.

"टिकले!" खाजा मिया पान थुंकून ओरडला. "वसरामभाऊ, तुमचं खांड बराबर घरी आलं!"

थाळी वाजली, आणि यावेळी बराबर वाजली. रूपाबाई रडत रडत आत गेली आणि गुळाची ढेपच घेऊन बाहेर आली. देविदासकडं न बघता तिनं ती दगडावर फोडली. देविदासनं क्षणभर पाहिलं, मग स्वतःच खडे उचलून लोकांच्या हातावर ठेवायला लागला. "खावा," तो म्हणाला, "लीगमधी टिकल्याचा गूळ हाय. पोराकडच्यांना मी उद्या जाऊन सांगतो."

पुजाचा फोन आला तेव्हा तिच्या मागं पोरींचा दंगा चालला होता. "दादा, हाक ऐकली का?"

"ऐकली ना. आवाज चढाच हाय तुझा."

"पुढच्या सालीबी हितंच आता मी! या दिवाळीला सराव हाय, जमलं तर येते, न्हाई तर..." पुढचं दंग्यात बुडालं.

"ऱ्हा तिथंच," वसराम मोठ्यानं म्हणाला. "नीट ऱ्हा. आमी हावोत हितं."

फोन परत देऊन तो वळला, आणि मग त्याला कबरी दिसली. ती उभी होती. कधी उठली होती देव जाणे. दावं ताणून, मान उंच करून, कान टवकारून ती तांड्याच्या वाटेकडं बघत होती, जिकडून ती पोरगी माळावरून यायची.

वसराम तिच्याजवळ गेला. हातातला गुळाचा खडा त्यानं तिच्या तोंडापुढं धरला. तिनं हुंगला, पण नजर वाटेवरून काढली नाही.

"खा बाई," तो तिच्या मानेवरून हात फिरवत म्हणाला. "हाक तिचीच होती. पर ती येनार न्हाई. आपुन जितलो ना."